शेवटच्या पानावरची एक ओळ

पत्रकबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. अकरा वर्षं त्या महिन्यातून दोनदा छापखान्यात यायच्या, एकदा मजकूर द्यायला आणि एकदा तपासलेली प्रत न्यायला. दर खेपेला पंधरा-वीस मिनिटं. सगळी एकापुढे एक ठेवली तर जेमतेम तीन दिवस भरतील. त्या चहात साखर किती घ्यायच्या ते मला माहीत नाही, कारण मी त्यांना चहा कधी विचारलाच नाही. विचारावा की नाही हे ठरेपर्यंत त्या उठून गेलेल्या असायच्या. त्यांचं अक्षर मात्र मी हजारात ओळखेन.

आमचे मालक दर वर्षी गिऱ्हाइकांना वाटायला एक छोटा अंक काढतात. या वेळी म्हणाले, "तपासनीस, बाईंवर तुम्ही लिहा." मी म्हटलं, मी लिहीत नाही, मी तपासतो. ते म्हणाले, "मग लिहा आणि तपासा." म्हणून हे. शाळेचं नाव घालत नाही, मुलांची घालत नाही, बाईंचंही नाही. एकदा न विचारता शब्द घातले होते, तेवढं पुरे.

बाई ज्या शाळेत होत्या ती मुलांना मोठ्या शाळेच्या प्रवेशासाठी तयार करते. पहिलीपासून पाचवीपर्यंत दोनशे बारा मुलं. सगळे तिला तयारीची शाळाच म्हणतात. बाई तिथे कारकून. दाखले, हजेरी, हरवलेल्या डब्यांची पेटी, तापलेल्या मुलाच्या घरी फोन करणं, हे सगळं त्यांच्याकडे. शाळेचं मासिक पत्रक हे खरं त्यांचं काम नव्हतं. आधीच्या मुख्याध्यापिकेने "एवढ्या महिन्यापुरतं बघा" म्हणून ते सोपवलं आणि तो महिना अकरा वर्षं चालला. त्यावरून त्या पत्रकबाई झाल्या.

पत्रक चार पानांचं. पहिल्यावर मुख्याध्यापकांचे दोन शब्द, जे दोनवर कधी थांबायचे नाहीत. मधल्या दोन पानांवर बक्षिसं: पोहण्याच्या शर्यतीत कोण पहिलं आलं, बुद्धिबळात कोणी कोणाला हरवलं, चौथीने प्रदर्शनासाठी केलेलं पाणी गाळायचं यंत्र. तो मजकूर शिक्षक द्यायचे. शेवटचं पान बाईंचं. त्याचं नाव "या महिन्यात". वर्षभरात शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव पत्रकात एकदा तरी आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. तो त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. ज्यांना बक्षीस नाही ती सगळी मुलं या पानावर. बाईंकडे वर्गवार यादी असायची. वर्ष सरत आलं की यादीतली उरलेली नावं घेऊन त्या डबे खायच्या सुट्टीत अंगणात उभ्या राहायच्या आणि नुसत्या बघायच्या.

मग अशा ओळी यायच्या. "दुसरी: घड्याळ वाचायला शिकला. आकड्यांचं नव्हे, काट्यांचं." "चौथी: जिन्यावर पडली, गुडघा फुटला, तरी आधी वर्गात जाऊन वही दिली." "पहिली: शर्टाची सगळी बटणं वरपासून खालपर्यंत बरोबर लागली."

या शेवटच्या ओळीपुढे मी समासात पेन्सिलने लिहिलं होतं, "लागली? की लावली?" प्रत परत आली तेव्हा खाली त्यांचं अक्षर, "असू द्या. लागली. त्यालाही नवल वाटलं."

आमचं बोलणं बहुतेक असं समासातच व्हायचं. माझं प्रश्नचिन्ह आणि त्यांचं "असू द्या". तोंडाने आम्ही फारसं बोलत नसू. मी बुजरा आहे, आणि त्यांना कामापुरतं बोलायची सवय. एकदा तिसरीच्या एका मुलाविषयी ओळ होती, "आपली चूक आहे हे कळल्यावर आपणहून माफी मागितली." मी समासात विचारलं, "ही कामगिरी आहे का?" त्यांनी खाली लिहिलं, "तुम्हाला कितव्या वर्षी जमली?" मी तेव्हा अडुसष्टचा होतो.

आता चुकीकडे येतो.

गेल्या वर्षी पाचवीत एक मुलगा होता. दुसरीत असताना तो या शाळेत आला, तेव्हापासून शाळेच्या फाटकाच्या आत त्याने तोंड उघडलं नव्हतं. घरी बोलायचा, शाळेत नाही. मुलं त्याला मौनीबाबा म्हणायची. बाईंच्या पानावर त्याचं नाव दर वर्षी आलेलं होतं. एका वर्षी "फळ्यावर भागाकार केला", पुढच्या वर्षी "वाचनालयातली अकरा फाटकी पुस्तकं चिकटवली". पण हे मी नंतर जुळवलं. तेव्हा मला ती नुसती नावं होती. नावं तपासणाऱ्याला चेहरे माहीत नसतात.

वर्षातला शेवटून दुसरा अंक. त्या महिन्यात बाई तापाने आजारी पडल्या आणि मजकूर शाळेच्या शिपायाने आणून दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शेवटच्या पानावर मधोमध ओळ होती. पाचवी, मग त्या मुलाचं नाव, आणि पुढे एकच शब्द: "बोलला."

मला वाटलं, तापात वाक्य अर्धं राहिलं. मधल्या पानांवर वक्तृत्व स्पर्धेची बातमी होती, त्यात शाळेच्या पाच मुलांनी भाग घेतल्याचं लिहिलं होतं. मी दोन्हीची सांगड घातली. एरवी मी प्रश्नचिन्ह काढून प्रत पाठवली असती, पण बाई अंथरुणात. फोन माझ्या टेबलावरच होता, शाळेचा नंबर भिंतीवर लिहिलेला. शाळेने मला त्यांच्या घरचा नंबर दिला असता. तापात असलेल्या बाईला एका शब्दासाठी काय उठवायचं, असं मी मनाशी म्हटलं. खरी गोष्ट अशी की मला फोनवर बोलता येत नाही. आधी वाक्य कागदावर लिहून घ्यावं लागतं, आणि पलीकडून दुसरंच काही विचारलं की मी अडकतो. त्यापेक्षा दोन शब्द घालणं सोपं होतं. मी घातले. ओळ झाली, "वक्तृत्व स्पर्धेत बोलला." दोनशे चाळीस प्रती छापल्या आणि शाळेत पाठवल्या.

पुढच्या मंगळवारी दुपारी बाई आल्या, दोन हातांत दोन कापडी पिशव्या घेऊन. चेहरा उतरलेला होता, तापाने असेल. दारातच थांबल्या. मालक छपाईच्या यंत्रापाशी उभे होते, तिथूनच म्हणाले, "अहो, आत तरी या."

बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि एक प्रत माझ्यापुढे ठेवली. ओळीवर बोट.

"काका, हे कोणी घातलं?"

"मी."

"का?"

"वाक्य अपुरं वाटलं."

"अपुरं नव्हतं. तेवढं पुरं व्हायला त्याला चार वर्षं लागली."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. पाण्याच्या नळाखाली त्यांनी बाटली धरली होती आणि तोंड बाजूला करून शिपायाशी बोलत होत्या. बाटली भरून वाहायला लागली. मागे रांगेत तो मुलगा. तो म्हणाला, "बाई, भरली." बाईंनी नळ बंद केला, "हो" म्हटलं आणि सरळ कार्यालयात गेल्या.

"मी वळूनसुद्धा पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पाहिलं असतं तर गेलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्याकडे खोडरबर मागितला. तिसऱ्या दिवशी हजेरीला "आहे" म्हणाला. मग बाई आजारी पडल्या, आणि तापातच त्यांनी ती ओळ लिहिली. सोमवारी त्या कामावर आल्या तोवर पाचवीत पत्रकं वाटून झाली होती. कोणीतरी ती ओळ मोठ्याने वाचली. मुलांनी त्याला बाकावर उभं केलं, मौनीबाबा भाषण करणार म्हणून. तेव्हापासून तोंड परत बंद. आणि नऊ दिवसांनी मोठ्या शाळेत त्याची तोंडी परीक्षा. तिथे टेबलामागे तिघं बसतात आणि आधी नाव विचारतात. नाव सांगितलं नाही तर पुढचं काही विचारत नाहीत.

"मुख्याध्यापक काय म्हणाले?" मालकांनी विचारलं.

"म्हणाले, चांगलंच तर लिहिलंय. घरचे खूश होतील. मी म्हटलं, ते खरं नाही. दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवते. ते म्हणाले, वेळ तुमचा जाईल. म्हटलं, माझाच."

बाकीच्या वर्गांच्या प्रती त्यांनी वाटपाआधीच कपाटात बंद केल्या होत्या. पाचवीच्या एकतीस प्रती त्यांनी त्याच दिवशी बाकाबाकापाशी जाऊन परत मागितल्या, "चुकीच्या छापल्यात, बदलून देते" म्हणून. तीस मिळाल्या. एक मिळाली नाही. ती त्या मुलाच्याच घरी होती.

मी ओळ पुन्हा जुळवली. पाचवी, नाव, "बोलला." आधीच्या ओळीवर नेमकी बसेल एवढी चिठ्ठी. मालकांनी त्या कापून दिल्या आणि म्हणाले, "तपासनीस, दोन शब्द घालायला दोन सेकंद लागले असतील. काढायला दोन माणसं आणि एक दुपार."

खिडकीजवळच्या लांब टेबलावर आम्ही बसलो. बाई चिठ्ठीला डिंक लावायच्या, मी पट्टी धरून ती ओळीवर बसवायचो आणि कापडाने दाबायचो. पहिल्या तीस-चाळीस प्रती झाल्या. मग त्या आपणहून बोलल्या. त्यांच्याविषयी मला जे काही माहीत आहे ते त्या दुपारचं. त्या थोरल्या भावाकडे राहायच्या. भाऊ घड्याळं दुरुस्त करतो.

"दादाला सांगितलं, आज अर्धी रजा घेतलीय. कशाला, म्हणाला. म्हटलं, एक शब्द चिकटवायला. तर म्हणतो, अर्ध्या रजेत अर्धाच चिकटव."

"घड्याळवाला आहे, माप बरोबर घेणार," मालक म्हणाले.

"माप? आमच्या घरात सात घड्याळं आहेत. सातही वेगळी वेळ दाखवतात. विचारलं तर म्हणतो, गिऱ्हाइकांची आहेत, आपल्याला काय करायचंय."

शंभर-एक प्रती झाल्या असतील. मी त्या आल्यापासून एक वाक्य मनात लिहून ठेवलं होतं. ते म्हटलं.

"बाई, माफ करा. फोन करायला हवा होता."

त्यांनी हातातली चिठ्ठी माझ्याकडे दिली. "तिसरीच्या त्या पोरानंतर तुम्हीच. पुढच्या अंकात तुमचं नाव घालते."

मालक हसले. मला हसू आलं की नाही आठवत नाही. पुढच्या अंकात त्यांनी नाव घातलं नाही. मी पाहिलं होतं.

संध्याकाळी प्रती मोजून पिशव्यांत भरल्या. राहिली ती एक. बाईंनी एक चिठ्ठी पाकिटात घातली आणि विचारलं, "डिंकाची बाटली नेऊ? त्याच्या घरी जाऊन चिकटवते. परत आणून देईन."

"न्या," मी म्हटलं.

पुढचं सांगण्याआधी हे सांगतो, की बाई आता नाहीत. वर्ष संपून सुट्टी लागली आणि सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. त्यांचे भाऊ छापखान्यात एक मोठं पाकीट घेऊन आले. पाकिटावर बाईंच्या अक्षरात माझ्यासाठी "काका, छापखाना" एवढंच. ते म्हणाले, "ती गेली. गुरुवारी."

मी म्हटलं, "बसा."

ते बसले नाहीत. म्हणाले, "ताप पुरता उतरलाच नव्हता. छातीत भरलं. मी म्हणत होतो डॉक्टरला दाखव. म्हणायची, शाळा सुटू दे." मग भिंतीवरच्या आमच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "हे चार मिनिटं पुढे आहे," आणि निघून गेले.

पाकिटात नव्या वर्षाची यादी होती. दोनशे अठरा नावं, वर्गवार. मी ती सवयीने तपासली. दोन नावांत वेलांट्या शंकास्पद वाटल्या, तिथे समासात प्रश्नचिन्हं काढली. मग खोडली. मग वाटलं शंका तर आहेच, म्हणून परत काढली. रडू वगैरे आलं नाही. डबा खाल्ला. दुपारी औषधाच्या दुकानाची जाहिरात तपासायची होती, ती तपासली. तिच्यात एक चूक राहिली, ती मालकांनी पकडली. अजूनही मला नक्की काय वाटतं ते सांगता येत नाही. पाय अवघडून बसल्यावर जसा आपला वाटत नाही, तसं काहीसं आहे आणि ते उतरत नाही.

शाळेने नव्या वर्षाच्या पहिल्या अंकात त्यांच्यावर चौकट दिली. मुख्याध्यापकांनी चांगलं लिहिलं होतं, मनापासून. मी त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही. शेवटच्या पानावर त्यांनी सुट्ट्यांची यादी द्यायला सांगितलं होतं. त्याच्या समासात मी एक प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. प्रत परत आली तेव्हा त्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मग मी फोन केला. वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं होतं: "ते पान बाईंचं होतं, यादी माझ्याकडे आहे." मुख्याध्यापक म्हणाले, "मग लिहिणार कोण?" याचं उत्तर मी लिहून घेतलेलं नव्हतं. ते म्हणाले, बघू. अजून बघताहेत. यादी माझ्या खणात आहे. तो मुलगा या वर्षी पुन्हा पाचवीत आहे, त्याचं नाव तिच्यात आहे. मला त्याचा चेहरा माहीत नाही.

आता आमची शेवटची भेट. ती साधीच होती.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला बाई आल्या. वर्षाचा शेवटचा अंक नेऊन झाला होता, त्यामुळे काम काही नव्हतं. डिंकाची बाटली परत करायला आल्या होत्या. खोकला होता. बसल्या, आणि मी न विचारताच त्यांनी त्या मुलाच्या घरी काय झालं ते सांगितलं.

मुलाची आई घरी कपडे बेतून शिवते. शिवणयंत्राच्या वर भिंतीवर तिने पत्रकाचं ते पान चिकटपट्टीने लावलं होतं. नात्यागोत्यात सगळ्यांना सांगून झालं होतं. बाईंना पाहून तिने यंत्र थांबवलं नाही.

"ती म्हणाली, खोडायला आलात का?" बाई सांगत होत्या. "मी म्हटलं, खोडायला नाही, खरं चिकटवायला. खरं काय, म्हणाली. म्हटलं, तो बोलला. तर म्हणते, बोलतो ते मला नका सांगू, घरी टकळी थांबत नाही त्याची. भाषण केलं की नाही ते सांगा. म्हटलं, नाही केलं. मग यंत्र थांबलं."

"मग?"

"मग काही नाही. पोरगा दारात उभा होता. आला, माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, वाचली. आणि म्हणाला, एवढंच?"

"तुमच्याशी बोलला?"

"माझ्याशी. म्हटलं, हो, एवढंच. मग त्याने बाटली घेतली, डिंक लावला, खुर्चीवर चढून स्वतःच चिकटवली."

मी धंद्याचा माणूस. मी विचारलं, "सरळ लागली?"

"वाकडी," बाई म्हणाल्या. "असू द्या."

तोंडी परीक्षेचं मी विचारत नव्हतो, पण त्यांनीच सांगितलं. मुलगा गेला. तिघांनी नाव विचारलं. त्याने सांगितलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही. मोठ्या शाळेचं पत्र आलं, पुढच्या वर्षी पुन्हा यावं.

"म्हणजे आणखी एक वर्ष आपल्याकडे," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "माझ्यामुळे?"

बाईंनी विचार केला. खिडकीबाहेर कोणीतरी हातगाडी उभी करत होतं, तिकडे पाहिलं. "माहीत नाही, काका," म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, का ते मला सांगता येणार नाही.

मग पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. मला त्या वेळी चहा विचारावासा वाटला. वाक्य जुळेपर्यंत त्या उठल्या.

"झाकण घट्ट लावत जा. अर्धा वाळलाय."

"लावतो."

"बरं, येते."

"या."